पगारातून कापलेले दोनशे रुपये नेमके कुणाचे?

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेलो होतो, की कामगाराचा प्रोफेशनल टॅक्स कापायला मालक विसरला तर तो मालकाच्याच खिशातनं जातो. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि एवढे व्हॉट्सॲप आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. इन्कम टॅक्स, पीएफ, ईएसआय हे दिल्लीचं, ते आज बाजूला. आज फक्त राज्य सरकार पगारावर काय घेतं तेवढंच बघू, आणि आपल्याकडं ते दोनच आहेत, व्यवसाय कर म्हणजे आपला पीटी, आणि कामगार कल्याण निधी. दोन्हीची रक्कम बारकी असते म्हणून लोक हलक्यात घेतात, आणि मग नोटीस आली की माझ्या टेबलासमोर घाम पुसत बसतात. लिहिणाऱ्यांची नावं नेहमीसारखीच छापलेली नाहीत.

साहेब, शिरोलीत आमचं मशीन शॉप आहे, मी आणि धाकटा भाऊ पार्टनर, 14 पोरं कामाला. वडिलांच्या काळापासून पीटीचा नंबर आहे आणि दरवर्षी 2,500 रुपये न चुकता भरतोय. आता नवीन अकाउंटंट म्हणतोय तुमचा पीटी भरलेलाच नाही. भरलेल्या पावत्या माझ्या फाइलीत आहेत की, मग हा काय म्हणतोय?
– कारखानदार, शिरोली

दादा, तुमचा अकाउंटंट बरोबर आहे आणि तुमच्या पावत्याही खऱ्या आहेत. कोल्हापुरात निम्म्या लोकांचा घोळ इथंच होतोय. पीटीचे नंबर दोन असतात. एक पीटीईसी, तो तुमचा स्वतःचा, तुम्ही धंदा करताय म्हणून वर्षाला 2,500, नोकर एकही नसला तरी. दुसरा पीटीआरसी, तो मालक म्हणून, पोरांच्या पगारातनं कापायचं आणि सरकारला नेऊन भरायचं त्याचा. पावत्या काढून नंबर बघा, 99 नं सुरू होत असेल तर तो पीटीईसी, 27 नं सुरू होऊन शेवटी पी असेल तर पीटीआरसी. मला वाटतंय तुमच्या सगळ्या 99 वाल्या निघतील. म्हणजे वडिलांपासून तुम्ही मालकाचा कर भरलाय, पोरांचा भरलेलाच नाही.

आता वाईट बातमी. कायदा 1975 चा आहे आणि त्यात सरळ लिहिलंय, पगारातनं कापला असो वा नसो, कामगारांच्या वतीनं कर भरायची जबाबदारी मालकाची. तुम्ही 14 जणांना पूर्ण पगार दिलात, एक रुपया कापला नाही, तर सरकार पोरांच्या मागं जात नाही, तुमच्याकडं येतं. सगळ्यांचा पगार 10,000 च्या वर धरला तर माणशी वर्षाला 2,500 म्हणजे 14 जणांचे 35,000 झाले, एका वर्षाचे, त्यावर व्याज, वर दंड वेगळा. आणि आता मागच्या दोन वर्षांचं या महिन्याच्या पगारातनं एकदम कापतो असं मनात असेल तर ते करू नका. चूक तुमची, पोरांच्या घरात दसऱ्याच्या तोंडावर पगार कमी गेला तर शॉपमध्ये दुसऱ्या दिवशी मशीन बंद दिसेल, आणि ते बरोबरच असेल.

अजून एक, तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की भाऊ पार्टनर आहे. पीटीईसी कुणाच्या नावावर आहे बघा. भागीदारीत प्रत्येक पार्टनरचा वेगळा लागतो, कंपनी असली तर कंपनीचा वेगळा आणि प्रत्येक डायरेक्टरचा वेगळा. वडिलांच्या नावाचाच नंबर चालवत बसला असाल तर तुम्ही दोघं भाऊ कागदावर नाहीच आहात. त्यातल्या त्यात बरं एवढंच की नाव नोंदवायचं राहून गेलेल्या माणसाला पीटीईसीसाठी मागच्या 4 वर्षांपलीकडचं मागत नाहीत. दरवर्षीची तारीख 30 जून. आषाढीची वारी लक्षात ठेवता तसं हे ठेवा.

इचलकरंजीत यंत्रमाग आहेत. मजुरी मीटरवर असते आणि शनिवारी आठवड्याचा पगार करतो, त्यात बहुतेकांची उचल असते ती वळती करून घेतो. हातात 8,000-9,000 च पडतात महिन्याचे. मग 175 कापायचे का 200? आणि दिवाळीचा बोनस यात धरायचा का?
– यंत्रमागधारक, इचलकरंजी

आधी दर सांगतो. पुरुष कामगाराला महिन्याला 7,500 पर्यंत काही नाही. 7,501 ते 10,000 ला 175. 10,000 च्या वर गेला की 200, आणि फेब्रुवारीत 300. बायकांचं वेगळं आहे, ते खाली येतंय.

आता तुमची खरी गोम उचलीत आहे. पगार किती हे हातात किती पडले यावरनं ठरत नाही, मजुरी किती झाली यावरनं ठरतं. माणसाची चार आठवड्यांची मजुरी 13,000 झाली, तुम्ही त्यातनं 4,500 उचलीचे वळते केले आणि 8,500 हातात ठेवले, तरी त्याचा पगार 13,000 च. उचल म्हणजे त्यानं आधीच घेतलेला पगार, ती काय कपात नव्हे. तेव्हा 200. मला माहितीय तुमच्याकडं उचलीची वही वेगळी असते आणि पगाराचं मस्टर वेगळं, पण पीटीचा हिशोब करताना त्या शनिवारच्या चार-पाच पगारांची बेरीज उचल वजा करायच्या आधीची घ्यायची, आणि दर महिन्याला नव्यानं बघायचं, कारण मीटरवरची मजुरी एका महिन्यात 9,800 येईल तर दुसऱ्यात 11,000. पहिल्या महिन्यात 175 लागेल, दुसऱ्यात 200, आणि लाइट नसल्यानं यंत्रमागच बंद राहिले आणि 7,000 वरच थांबलं तर त्या महिन्यात काहीच नाही. वर्षाची सरासरी काढून एकच आकडा लावायची पद्धत काही दिवाणजींनी पाडलीय, ती चुकीची आहे.

बोनस धरायचा नाही. या कायद्यात बोनस आणि ग्रॅच्युइटी पगारात येत नाहीत, स्पष्ट शब्दात वगळलंय. महागाई भत्ता मात्र येतो, आणि नेमानं दर महिन्याला जे काही देता ते पण येतं, मग तुम्ही त्याला पगार म्हणा नाहीतर बक्षीस म्हणा.

आणि तुमच्या धंद्यापुरतं खास, कापड उद्योगातल्या बदली कामगाराला, म्हणजे कायमचा माणूस आला नाही की त्याच्या जागी येणाऱ्याला, व्यवसाय करातनं सूट आहे. पण बदली म्हणजे खरंच बदली. वर्षभर रोज येणाऱ्या माणसाला मस्टरवर बदली दाखवायची आयडिया करू नका, तपासणीला आलेला माणूस पहिलं हजेरीचं पान उलटतो.

माझं राजारामपुरीत मसाले आणि चटण्यांचं युनिट आहे, 9 बायका कामाला, सगळ्यांचा पगार 14,000 ते 19,000. दर महिन्याला सगळ्यांचे 200 कापते. मागच्या आठवड्यात एकीनं मोबाईलवर बातमी दाखवली की बायकांना पीटी नाही. खरं का हो?
– एक उद्योजिका, राजारामपुरी

खरं आहे ताई, आणि बातमी जुनी आहे. 2023 च्या राज्याच्या अर्थसंकल्पात ठरलं, बायकांना महिन्याला 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही. आधी त्यांनाही 10,000 च्या वर पुरुषांसारखाच होता, म्हणून तुम्हाला सवय लागलेली. 25,000 च्या वर गेल्या तर 200 आणि फेब्रुवारीत 300. तुमच्याकडं एकीचाही बसत नाही.

तेव्हा आजच्या पगारापासून कपात बंद करा आणि आतापर्यंत जे कापलंय त्याचा हिशोब काढा. ते पैसे तुमचे नव्हते, सरकारचेही नव्हते, त्या बायकांचे होते. महिन्याला 200, फेब्रुवारीत 300, एकेकीचे वर्षाला 2,500, हा आकडा नऊ जणींच्या समोर मांडला तर तुम्हालाच कसंतरी होईल. मी म्हणेन आधी तुमच्या गल्ल्यातनं त्यांना परत करा, सगळं एकदम जमत नसेल तर दोन-तीन हप्त्यात, आणि सरकारकडं जास्तीचं भरलेलं परत मिळवायचा अर्ज सल्लागाराकडनं करून घ्या, ते मिळेल तेव्हा मिळेल. उलटं करू नका, म्हणजे रिफंड आल्यावर देते असं सांगू नका.

मग पीटीआरसी नंबरची गरज राहते का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. कर बसणारा एकही माणूस तुमच्याकडं नसेल तर नंबर ठेवायचं कारण उरत नाही, रद्द करायचा अर्ज करता येतो. पण रद्द होईपर्यंत नंबर चालू आहे आणि चालू नंबरला रिटर्न भरावंच लागतं, शून्याचं का असेना. उद्या डिलिव्हरीला टेम्पोवर एखादा ड्रायव्हर ठेवलात की तो पुरुष आणि पगार 10,000 च्या वर, मग परत नंबर काढत बसा. मी तुमच्या जागी असतो तर थोडं थांबून बघितलं असतं. तुमचा स्वतःचा पीटीईसी मात्र आहेच, तो 2,500 सुटत नाही.

मी टॅक्स वेळेवर भरला, चलन आहे माझ्याकडं, तरी 12,000 रुपये लेट फी दाखवतंय. दुकानात एकच पोरगा आहे, त्याचा पगार 9,500. ही काय लूट आहे काय?
– मोबाईल दुकानदार, महाद्वार रोड

रागावू नका, गणित बघा. तुमच्या पोराचा महिन्याला 175, वर्षाचे 2,100. लेट फी 12,000. कराच्या जवळजवळ सहापट. असं का झालं? चलन भरणं आणि रिटर्न भरणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुम्ही पैसे भरले पण कुणाचे, किती, कुठल्या महिन्याचे हे सांगणारा कागद, म्हणजे तीन-बी नावाचं रिटर्न, ते भरलंच नाही. एका रिटर्नला उशीर झाला की लेट फी 1,000, पहिल्या 30 दिवसांत भरून टाकलं तर 200 वर भागतं. तुमचा नंबर नवीन, आणि पहिल्या वर्षी महिन्याला रिटर्न भरायचं असतं, ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. बारा महिने, बारा रिटर्न, बारा हजार.

पहिलं वर्ष सरलं की सोपं होतं. आधीच्या वर्षी कर 1 लाखाच्या आत असेल तर वर्षाला एकच रिटर्न, मार्च महिन्यात, आणि त्यात मागच्या मार्चपासून फेब्रुवारीपर्यंतचे पगार येतात. 1 लाख म्हणजे 10,000 च्या वर पगार असलेली साधारण 40 माणसं, तेव्हा बाजारातल्या बहुतेक दुकानांना वर्षाचंच लागू होतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यातच उरकून टाका, शेवटच्या तारखेला ती साइट आणि दिवाळीतलं एसटी स्टँड सारखंच असतंय.

सरकार अधनंमधनं लेट फी माफीचं नोटिफिकेशन काढतं हे खरं, आणि आधी एखादं तुमच्या काळाला लागू आहे का हे सल्लागाराला शोधायला लावा. नसेल तर भरून मोकळे व्हा. पुढची माफी निघेल म्हणून वाट बघत बसलेले माझ्या ओळखीचे दोन-तीन जण आहेत, त्यांचे आकडे इथं लिहीत नाही. एक चूक माझ्याच ऑफिसात झालेली सांगतो, एका गिऱ्हाईकाचे पीटीआरसीचे पैसे आमच्या पोरानं पीटीईसीच्या नंबरवर भरले. पैसे सरकारकडंच गेले, पण चुकीच्या खिशात, आणि ते या खिशातनं त्या खिशात आणायला आठ महिने गेले. चलन सबमिट करायच्या आधी नंबर मोठ्यानं वाचायचा, हा नियम तेव्हापासून आमच्याकडं भिंतीवर लिहिलाय.

फेब्रुवारीलाच 300 का? कामगार दरवर्षी विचारतात आणि मला सांगता येत नाही. महिना तर सगळ्यात छोटा.
– गुळाचे व्यापारी, शाहूपुरी

हा प्रश्न मला आवडला. उत्तर राज्यघटनेत आहे. कलम 276 म्हणतं, राज्याला व्यवसायावर कर लावता येईल पण एका माणसाकडनं वर्षाला 2,500 च्या वर नाही. आधी तर 250 च होते, 1988 मध्ये घटनादुरुस्ती करून 2,500 केले, तेव्हापासून आकडा तिथंच आहे. आता 2,500 ला बारानं भागून बघा, 208 आणि वर पैसे. कोण ते पैसे मोजत बसणार, म्हणून अकरा महिने 200 प्रमाणं 2,200 आणि उरलेले 300 एका महिन्यात. फेब्रुवारी का, तर हिशोबाचं वर्ष फेब्रुवारीच्या पगारावर मिटतं म्हणून. शेवटच्या हप्त्याला उरलेलं सगळं, भिशीत करतात तसंच.

आणि कामगार विचारतातच आहेत तर हेही सांगा त्यांना. हा कर महाराष्ट्रात आला तो रोजगार हमीसाठी. 1972 चा दुष्काळ, खडी फोडायची कामं, ते तुमच्याकडच्या म्हाताऱ्या हमालांना आठवत असेल. गावात काम मागेल त्याला काम द्यायचं तर पैसा पाहिजे, तो शहरातल्या पगारदाराकडनं घ्यायचा, असा विचार होता आणि कायद्यात तसं लिहिलेलं आहे. रोजगार हमीचे जनक वि. स. पागे, आणि त्यांच्या कल्पनेचा पहिला प्रयोग झाला आपल्या शेजारी, तासगाव तालुक्यातल्या विसापुरात, 1965 साली. आज तो पैसा तिथं किती पोचतो यावर मी इथं बोलत नाही, पानं पुरायची नाहीत.

फाउंड्रीत मोल्डिंग आणि फेटलिंगला कॉन्ट्रॅक्टरची माणसं आहेत, 22 जण. त्यांचा पीटी मी भरायचा का कॉन्ट्रॅक्टरनं?
– गोकुळ शिरगाव

पगार जो वाटतो त्यानं. कायद्यात मालकाची व्याख्याच तशी आहे, पगार द्यायची जबाबदारी ज्याची तो मालक. कॉन्ट्रॅक्टर वाटत असेल तर त्याचा पीटीआरसी, त्याचं रिटर्न. पण तो नुसता नावाला असेल आणि शनिवारी तुमचाच सुपरवायझर तुमच्याच कॅशमधनं पाकिटं वाटत असेल तर काय होईल ते तुम्हाला कळतंय. कॉन्ट्रॅक्टरचं बिल पास करताना पीटीआरसीचं चलन जोडल्याशिवाय सही करू नका, एवढं एक केलंत तरी पुष्कळ झालं.

आमचं कापड दुकान कोल्हापुरात आणि एक शाखा निपाणीत. निपाणीतली दोन पोरं आणि इथं कामाला असणारा पण रोज निपाणीहून येणारा एक, या तिघांचं काय करायचं?
– लक्ष्मीपुरी

माणूस राहतो कुठं ते बघायचं नाही, काम कुठं करतो ते बघायचं. निपाणीहून रोज गाडीनं येऊन लक्ष्मीपुरीत काउंटरवर उभा राहणारा माणूस महाराष्ट्राचा, त्याला आपले दर. निपाणीच्या दुकानात काम करणारे दोघं कर्नाटकचे, त्यांना कर्नाटकचा कायदा, आणि तिथं तुमचा नोंदणी नंबर वेगळा लागेल, कोल्हापूरच्या नंबरवर त्यांचं भरून भागणार नाही.

आणि गंमत बघा, कर्नाटकात 25,000 च्या खाली पगार असेल तर कुणालाच लागत नाही, बाई असो वा पुरुष. तेव्हा 15,000 पगाराच्या निपाणीतल्या पोराचे शून्य आणि त्याच पगाराच्या लक्ष्मीपुरीतल्या पोराचे 200, दोघं एकाच गाडीनं घरी जाणार. तुमचा तिसरा माणूस हे कधीतरी विचारणारच, उत्तर तयार ठेवा. आणि त्याला कागदावर निपाणीत दाखवूया, असं डोक्यात आलं असेल तर तिथंच सोडा, 200 रुपयांसाठी दोन राज्यांची खाती मागं लावून घेऊ नका.

कामगार कल्याण निधी म्हणजे काय? आम्ही आजपर्यंत भरलेला नाही, कुणी मागितलाही नाही. शिवाय बिहारचा एक कामगार दोन वर्षांपूर्वी होळीला गावी गेला तो परत आलाच नाही, फोन लागत नाही, त्याचा 20 दिवसांचा पगार माझ्याकडं पडून आहे. तो आता माझाच ना?
– उद्यमनगर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात मिसळून देतो, कारण दोन्ही एकाच कायद्यात आहेत, 1953 च्या.

निधी असा, 5 किंवा जास्त माणसं असली की लागू. वर्षातनं दोनदा, जून आणि डिसेंबरच्या पगारात. मार्च 2024 पासून दर वाढलेत, कामगाराचे 25 कापायचे आणि त्यावर तुम्ही स्वतःचे 75 घालायचे, माणशी 100. आधी 12 आणि 36 होते, बऱ्याच पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये अजून तेच बसलेत, तपासा. 30 जूनला मस्टरवर जी नावं असतील त्यांचे पैसे 15 जुलैपर्यंत, 31 डिसेंबरच्या नावांचे 15 जानेवारीपर्यंत. मॅनेजर आणि जास्त पगाराचे सुपरवायझर यातनं बाहेर असतात. तुमच्याकडं 10 जण धरले तर सहा महिन्याला 1,000 रुपये, त्यात 250 पोरांचे. हे पीटीसारखं महाजीएसटीकडं, म्हणजे राज्याच्या जीएसटी खात्याकडं, जात नाही, कामगार कल्याण मंडळाकडं जातं. आणि पीटीत सगळा पैसा कामगाराचा असतो, इथं तीन हिस्से तुमचे, हा मोठा फरक. तुमचे 75 कामगाराच्या पगारातनं काढायचे नाहीत, मी तेही बघितलंय म्हणून लिहितोय.

कुणी मागितला नाही म्हणता ते खरं असेल. पण मंडळाची केंद्रं, शिवणाचे वर्ग, कामगारांच्या पोरांच्या शिष्यवृत्त्या, ती दरवर्षीची कामगार नाट्यस्पर्धा, हे सगळं याच शंभर रुपयांवर चालतं. तुमच्या हेल्परच्या पोरीनं दहावीला चांगले मार्क पाडले आणि ती शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन गेली तर पहिला प्रश्न येतो, तुमच्या वडिलांचा मालक निधी भरतो का. तेव्हा तुम्हाला कळेल कोण मागतंय ते.

आता होळीला गेलेल्या माणसाचा पगार. नाही, तो तुमचा नाही. आज दोन वर्षं झालीत, तोवर त्याच्या नावानं वहीत तसाच ठेवायचा आणि उद्या तो दारात येऊन उभा राहिला तर मोजून द्यायचा. देणं झाल्यापासून 3 वर्षं कुणी न्यायला आलं नाही की ते पैसे मंडळाकडं जमा करायचे. नंतर तो आला तर मंडळाकडं मागू शकतो. बऱ्याच कारखान्यांत असे पैसे वर्षअखेरीला हळूच इतर उत्पन्नात ढकलतात, ऑडिटवाला पण बघून न बघितल्यासारखं करतो. तुम्ही विचारलंत तरी. त्याच्या गावाकडचा, त्याच्याबरोबर आलेला दुसरा कुणी अजून उद्यमनगरात असेलच की, एकदा चहाच्या गाड्यावर चौकशी करा, निम्मी माणसं तिथंच सापडतात.

आमची मुलगी अमेरिकेत टेक्सासला असते, तिथं तिनं छोटी बेकरी सुरू केलीय, तीन माणसं ठेवलीत. ती म्हणते इथं स्टेटचा पगारावरचा टॅक्स मालकाला द्यावा लागतो. तुमच्या पीटीसारखंच का हे?
– निवृत्त शिक्षक, ताराबाई पार्क

सर, सारखं नाही, बरंच उलटं आहे. आपला पीटी कामगाराचा, मालक फक्त पोचवणारा. तिच्याकडं राज्याचा जो मुख्य आहे तो बेकारी विम्याचा कर, आणि तो मालक स्वतःच्या खिशातनं भरतो, टेक्सासमध्ये कामगाराकडनं एक सेंटही कापायचा नाही. नोकरी सुटलेल्या माणसाला काही आठवडे भत्ता मिळतो तो त्यातनं. टेक्सासमध्ये हा कर एका माणसाच्या वर्षाच्या पहिल्या 9,000 डॉलर पगारावरच लागतो, पुढच्या पगाराला नाही, आणि नवीन मालकाला दर साधारण 2.7 टक्क्यांपासून सुरू होतो. म्हणजे माणशी अडीचशे डॉलरच्या आसपास. पुढं तिनं किती जणांना कामावरनं काढलं आणि त्यातल्या कितींनी भत्ता घेतला यावर दर वरखाली होतो. ही गोष्ट मला फार पटते, माणसं टिकवणाऱ्याला कर कमी.

केंद्राचाही तसाच एक आहे, पहिल्या 7,000 डॉलरवर 6 टक्के, पण राज्याचा वेळेवर भरला तर 5.4 पर्यंत सूट, मग उरतात 0.6 टक्के, माणशी 42 डॉलर. राज्याचा चुकवला की केंद्राचा वाढतो, असं दोन्हीचं एकमेकांत अडकवून ठेवलंय. टेक्सासला राज्याचा इन्कम टॅक्स नाही हे तिचं नशीब. तीच बेकरी कॅलिफोर्नियात असती तर कामगाराच्या पगारातनं राज्याचा इन्कम टॅक्स आणि आजारपणाच्या विम्याचे पैसे कापायचे, स्वतःचा बेकारी विमा पहिल्या 7,000 डॉलरवर 3.4 टक्क्यांनी भरायचा, वर प्रशिक्षणासाठी 0.1 टक्का वेगळा. तेव्हा तिला सांगा, दुसऱ्या राज्यातल्या मैत्रिणीचं ऐकून काही भरू नकोस. निपाणीचं उत्तर वर वाचलंच असेल तुम्ही.

आमच्या अपार्टमेंटचा वॉचमन 67 वर्षांचा आहे, पगार 11,000. चेअरमन म्हणतात कापा, सेक्रेटरी म्हणतात नको. मी खजिनदार, दोघांच्या मधे.
– कसबा बावडा

सेक्रेटरी बरोबर. 65 वर्षं ओलांडलेल्या माणसाला व्यवसाय कर नाही. 40 टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व असलेल्यालाही नाही, त्याला सरकारी दवाखान्याचा दाखला लागतो. वॉचमनमामांच्या वयाच्या दाखल्याची झेरॉक्स मस्टरला टाचून ठेवा, आणि चेअरमनसाहेबांना हा अंक द्या. मागच्या महिन्यांत कापले असतील तर या पगारात मामांना परत करायचे, आणि ते खर्चाला कुठल्या खात्यात दाखवायचे यावरनं मीटिंगमध्ये नवीन भांडण काढू नका, "पगार" लिहा आणि सही करा.